प्रवाशाची झडती

परदेशी निघालेल्या मुलाचे सामान बांधणे हा आजकाल वऱ्हाडातील कित्येक मध्यम स्थितीच्या घरांत एक लहानसा समारंभच होऊन बसला आहे. मूर्तिजापुराचेच पाहावे. अचलपुराकडून व यवतमाळाकडून येणाऱ्या अरुंद रुळांच्या गाड्या एके काळी कापसाचे गठ्ठे घेऊन येथे मोठ्या लोहमार्गास मिळत. त्या गाड्या आता थांबल्या. पण येथील मुले अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात शिकावयास जातात. आई लोणच्याची बरणी चार पिशव्यांत गुंडाळते, वडील पेटी पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवून पाहतात, आणि मेतकुटाची पुडी सरकारी अधिकाऱ्यास औषध वाटेल की काय, यावर सर्व घराचा खल चालतो. लॅपटॉपविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. तो मुकाट्याने पाठीवरच्या पिशवीत जातो. वास्तविक परक्या देशाच्या दारात उभे राहिल्यावर सर्वांत मोठी झडती व्हावयाची असेल तर ती त्याचीच.

ही भीती कल्पनेतली नव्हे. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने २०१७ च्या सरकारी वर्षात सुमारे ३०,२०० प्रवाशांचे लॅपटॉप, मोबाईल व तत्सम यंत्रे तपासली, असे त्या खात्याचेच आकडे सांगतात. आदल्या वर्षी हा आकडा १९ हजारांच्या घरात होता. न्यूझीलंडने २०१८ च्या कायद्यान्वये, सीमेवरील अधिकाऱ्यास वाजवी कारण असता आपल्या यंत्राचा संकेतशब्द न सांगणाऱ्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड ठरविला. इंग्लंडात २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, विशेष संशय नसतानाही, प्रवाशास बंदरावर वा विमानतळावर अडवून तपासता येते. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका पत्रकाराच्या सहचरास, डेव्हिड मिरांडा ह्यास, जवळजवळ नऊ तास अडकवून त्याच्याजवळील यंत्रे काढून घेण्यात आली, तेव्हा हा प्रश्न जगभर गाजला. कोट्यवधी प्रवाशांत तीस हजार म्हणजे दर्यामे खसखस, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्यावर पाळी येते त्याच्या दृष्टीने हे प्रमाण निरुपयोगी असते.

राज्याने आपल्या वेशीवर प्रवाशास थांबवावे व त्याच्याजवळ काय आहे ते पाहावे, हा अधिकार किती जुना आहे, आणि तो कोठून कोठवर येऊन पोहोचला आहे, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासात शोधून पाहण्याचा आमचा विचार आहे. ‘झडती’ हा शब्दच मोठा बोलका आहे. पेशवाईच्या दप्तरांत झडती म्हणजे हिशेबाचा ताळा. झाडा देणे म्हणजे जाब देणे. अंग वा घर धुंडाळणे हा अर्थही त्याच शब्दास आहे. अर्थात ज्याची झडती घ्यावयाची त्याने आपला हिशेब द्यावयाचा, ही कल्पना शब्दाच्या पोटातच आहे. हिशेब मागणाऱ्याने आपले कारण सांगावे, ही कल्पना मात्र त्यात नाही. ती मागाहून आली, व तीही पुष्कळ भांडण करून.

महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध झडती म्हणावी तर ती न झालेली झडती होय. १६६६ साली आग्र्यास शिवाजीमहाराजांच्या डेऱ्यातून मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले, तेव्हा पहारेकऱ्यांनी प्रथम ते उघडून पाहिले, मग कंटाळून पाहावयाचे सोडले, असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचीत आलो. महाराज पेटाऱ्यातून निघाले की वेष पालटून चालत निघाले, ह्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. त्या वादात आम्ही पडत नाही. पहारेकऱ्याचा कंटाळा तेवढा वाचकांनी ध्यानात ठेवावा. झडतीच्या सर्व इतिहासात तो पुढेही वारंवार भेटतो.

इंग्रजी अमलातील पहिली मोठी झडती मिठासाठी होती. आज कोणास सांगितले तर खरे वाटणार नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या पोटातून एक जकातीची रेषा ओढली होती. सिंधु नदीपासून महानदीपर्यंत ती जाई. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती, व तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्यास होती. पुष्कळ ठिकाणी ही रेषा म्हणजे बाभळी, बोरी, करवंदी, निवडुंग अशा काटेरी झाडांचे पुरुषभर उंचीहून अधिक वाढविलेले कुंपणच होते. जेथे झाडे जगेनात तेथे दगडी भिंत वा खंदक. आमच्या वऱ्हाडाचा उंबराच म्हणावा अशा बऱ्हाणपुरापर्यंत ही रेषा उतरे, आणि तेथून पूर्वेस वळे. तिच्या नाक्यांवर अडविल्याशिवाय व झाडा घेतल्याशिवाय माणूस, बैल वा गाडी पलीकडे जाऊ शकत नसे. कारण उघड होते. १८७७ च्या सुमारास मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे १ रुपया १३ आणे कर होता, तर उत्तरेकडे ३ रुपये. स्वस्त मीठ महाग मुलखात जाऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

ह्या रेषेवर १८६७ पासून काही वर्षे जो मुख्य अधिकारी होता, व ज्याने काटेरी कुंपण वाढविण्यास मोठ्या हौसेने हात घातला, त्याचे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच ह्यूमसाहेब, ज्यांनी १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मनुष्य एका हाताने कुंपण लावतो व दुसऱ्या हाताने दार उघडतो, ह्याचे इतके ठळक उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

मिठाच्या ह्या रेषेबद्दल आम्ही इतके लिहीत आहो ते केवळ नवलाई म्हणून नव्हे. पूर्णेच्या खोऱ्याची जमीन खारी. मूर्तिजापूर, अकोला, अकोट ह्या तालुक्यांतील विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही, हे येथील प्रत्येक सासुरवाशिणीस ठाऊक आहे. ह्या खाऱ्या विहिरींपासून मीठ काढण्याचा धंदा पूर्वी येथे चाले. इंग्रजी अमलात तो बंद पडला. ज्याच्या अंगणात मीठ आहे त्यालाच सरकारी मीठ विकत घ्यावे लागले. म्हणून एप्रिल १९३० मध्ये गांधीजी दांडीस पोहोचल्यावर समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडातही मिठाचा सत्याग्रह होऊ शकला. अकोल्याजवळील दहिहांडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून लोकांनी मीठ केले. गंमत ही की, काटेरी कुंपणाची रेषा त्यापूर्वी अर्धशतक आधीच, १ एप्रिल १८७९ रोजी, मोडीत निघाली होती. करांचे दर जवळ आणले, राजपुतान्यातील मीठ सरकारने हाती घेतले, आणि बारा हजार माणसांचा पहारा एका हुकुमासरशी निरर्थक ठरला. रॉय मॉक्सम नावाच्या एका इंग्रज लेखकाने ह्या कुंपणाचा शोध घेत पुष्कळ हिंडून २००१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास इटाव्याच्या बाजूस बांधाचा थोडासा अवशेष तेवढा दिसला. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ती झडती प्रवाशाच्या मनाशी मुळीच संबंध ठेवीत नव्हती. गाडीवान कोणत्या मताचा, त्याने कोणास पत्र लिहिले, हे नाकेदारास कळण्याचे कारण नव्हते. मीठ सापडले तर दंड, न सापडले तर वाट मोकळी. छळ होई, लाचही चाले. परंतु झडतीस तळ होता. गोणी रिकामी झाली की झडती संपे.

जमिनीवरची रेषा मोडण्यास एक वर्ष उरले असता समुद्रावरची रेषा मात्र घट्ट करण्यात आली. १८७८ चा सागरी जकातीचा कायदा तो हाच. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने सरकारास असा अधिकार दिला की, जाहिरनामा काढून कोणताही माल देशात आणण्यास बंदी करावी. कलम लिहिताना डोळ्यांपुढे माल होता. पण छापलेला कागद हाही मालच आहे, हे सरकारच्या लवकरच ध्यानात आले. श्यामजी कृष्णवर्म्यांचे लंडनचे ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ हे मासिक १९०७ साली ह्याच कायद्याने बंदरावर अडविण्यात आले. पुढे विनायकराव सावरकरांनी १८५७ वर लिहिलेल्या ग्रंथाची पाळी आली. मूळ ग्रंथ मराठी. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०९ साली हॉलंडात छापून निघाले. पण ते निघण्यापूर्वीच हिंदुस्थान सरकारने त्याचा प्रवेश बंद केला होता! न वाचलेल्या ग्रंथावर बंदी घालण्याचा हा पराक्रम होय. त्याच्या प्रती भलत्याच ग्रंथांची आवरणे घालून, ट्रंकांच्या तळाशी दडवून, येथे येत राहिल्या. बंदी उठली ती १९४६ साली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आमचे लिहिणे एकांगी होईल. ज्या १९०९ साली बंदरावरील अधिकारी पुस्तके हुडकीत होते, त्याच वर्षाच्या आरंभी लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये आचाऱ्याचे काम करणारा चतुर्भुज अमीन नावाचा मनुष्य मुंबईस उतरला. त्याच्या पेटीस खोटा तळ होता व त्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. ती पेटी सुखरूप पार पडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकास नाटकगृहात कलेक्टर जॅक्सन ह्यांच्यावर अनंत कान्हेरे ह्यांनी गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल ह्याच वीसांपैकी. कान्हेऱ्यांस हुतात्मा मानणाऱ्या महाराष्ट्रात राहून आम्ही हे लिहीत आहो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु राज्यकर्ता कोणीही असो, स्वकीय असो वा परकीय, खोट्या तळाच्या पेटीची भीती त्याला असणारच; आणि ती भीती निराधार नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईस जे समुद्रमार्गे उतरले त्यांची झडती कोणी घेतली असती तर बरे झाले असते, असे म्हणणार नाही असा एकही महाराष्ट्रीय मनुष्य सापडणार नाही. तेव्हा झडती असावी की नसावी, हा प्रश्नच नव्हे. पिस्तूल शोधण्यास दिलेला अधिकार कागद वाचण्यास वापरावा काय, हा प्रश्न आहे. अमीनची पेटी सुटली आणि सावरकरांचा ग्रंथ अडला, ह्यावरून तरी असे दिसते की, वाचण्याच्या नादात शोधणे राहून जाते.

आणि वाचणे हे किती निसरडे काम आहे, ते लोकमान्य टिळकांच्या खटल्याने दाखविले. २४ जून १९०८ रोजी टिळकांस मुंबईत पकडले. पाठोपाठ पुण्याच्या घराची व सिंहगडावरील बंगल्याची झडती झाली. एवढ्या मोठ्या दप्तरातून, ग्रंथसंग्रहातून, पत्रव्यवहारातून सरकारच्या हाती काय लागले? एक कार्ड. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन इंग्रजी ग्रंथांची नावे टिपलेली होती. बॉम्बविषयीच्या ‘केसरी’तील लेखांबद्दल खटला, आणि घरात स्फोटकांच्या ग्रंथांची टाचणे! फिर्यादी पक्षाने हे कार्ड पुराव्यात दाखल केले. टिळकांचे म्हणणे असे की, सरकारने त्याच महिन्यात स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा केला होता. त्यातील व्याख्येवर टीका करावयाची म्हणून ही नावे आपण टिपली. ज्याने संपादकाचे काम एक दिवस तरी केले आहे त्यास हा खुलासा अगदी सरळ वाटेल. ज्यूरीतील नऊपैकी सात जणांनी टिळकांस दोषी ठरविले. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर ह्यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. ती केवळ ह्या कार्डामुळे झाली असे म्हणणे इतिहासास सोडून होईल. लेखच मुख्य होते. पण त्या कार्डाने वाऱ्याची दिशा दाखविली. ग्रंथाचे नाव टिपून ठेवणारा मनुष्य तो ग्रंथ कशासाठी वाचणार, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. ते वाचणारा आपल्या मनाने भरतो, आणि तो वाचणारा आधीच संशयाने पछाडलेला असला म्हणजे काय भरील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

ह्या संबंधात आम्हांस अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांची आठवण होते. टिळकांच्या अपिलाच्या खटपटीसाठी दादासाहेब १९०८ साली विलायतेस गेले व १९१० साली परतले. त्यांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती, आणि ती त्यांनी वर्षानुवर्षे पाळली. त्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत व अभ्यासक त्या हवे तेव्हा चाळतात. माणूस गेल्यावर शंभर वर्षांनी त्याची रोजनिशी वाचणे म्हणजे इतिहास. तो जिवंत असता, बंदरावर, त्याच्यासमोर ती वाचणे ह्याला दुसरे नाव आहे. आजच्या लॅपटॉपमध्ये दादासाहेबांच्या सर्व रोजनिशा, टिळकांचे सगळे दप्तर, आणि त्या दोन ग्रंथांच्या नावांसारखी हजारो टाचणे एकाच वेळी मावतात, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. गेल्या पाच वर्षांत आपण काय काय शोधले, कोणती बातमी अर्धवट वाचून सोडली, कोणत्या रोगाची माहिती रात्री दोन वाजता पाहिली, ह्याची यादी आपल्या स्मरणात नसते; त्या यंत्रात असते.

वऱ्हाडास परक्या राज्याची सीमा शेजारी होती, हेही विसरता येत नाही. हा मुलूख १८५३ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. मग तो इंग्रजांकडे आला, १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. पैनगंगेच्या पलीकडे मात्र निजामीच राहिली. उमरखेड, पुसद, वाशीम ह्या बाजूच्या लोकांचे सोयरेधायरे पलीकडे. आणि मध्ये करोडगिरीचे नाके. करोडगिरी म्हणजे निजामाचे जकात खाते. पलीकडे जाणाऱ्या माणसाच्या गाठोड्यात लुगडे नवे आहे की नेसलेले, हे पाहून जकात ठरे. परंतु चळवळीच्या दिवसांत तेथेही झडतीचा रोख मालावरून कागदावर वळला. अनेक मराठी वृत्तपत्रांस संस्थानात प्रवेश नव्हता, आणि ते अंक नेणे हाच गुन्हा झाला. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात करोडगिरीचे नाके ही लोकांच्या रागाची पहिली ठिकाणे ठरली, ह्यात नवल नाही. सीमेच्या अलीकडे उमरखेडास हैदराबाद स्टेट काँग्रेसचे शिबिर होते; ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, ह्या शिबिराशी संबंध असलेल्या तरुणांनी पलीकडील उमरी येथील बँकेतून लक्षावधी रुपये उचलून आणले. निजामाच्या दृष्टीने तो दरोडा; आपल्या दृष्टीने स्वातंत्र्याचा पैसा. सीमेवर उभे राहिलेल्या शिपायाने कोणास अडवावे व कोणास सोडावे, हे त्याच्या टोपीवर कोणते चिन्ह आहे ह्यावर ठरते. आम्ही अडविले जात होतो तोवर झडती हा जुलूम होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली, आणि टोपी पालटली.

ह्यानंतर तीनच महिन्यांनी दिल्लीच्या घटनासमितीत जे घडले, ते आमच्या मते ह्या सर्व इतिहासाचे मर्म आहे. आणि त्यात वऱ्हाडाचा भाग आहे, हे फारसे कोणास माहीत नाही. इंग्लंडात १७६५ साली एंटिक नावाच्या लेखकाच्या खटल्यात न्यायाधीश कॅमडेन ह्यांनी, मंत्र्याच्या हुकुमावरून एखाद्याचे घर फोडून त्याचे कागद उचलता येत नाहीत, असा निकाल दिला होता. अमेरिकन लोकांनी तेच तत्त्व आपल्या राज्यघटनेस १७९१ साली चौथी दुरुस्ती करून जोडले. माणसाचे अंग, घर, कागद व चीजवस्तू ह्यांची अवाजवी झडती होऊ नये, असा तिचा आशय. (त्याच अमेरिकन लोकांनी १७८९ साली, म्हणजे दोनच वर्षे आधी, जकात अधिकाऱ्यांस गलबतांची झडती वॉरंटावाचून घेण्याची मुभा देऊन ठेवली होती, हेही सांगितले पाहिजे. सीमेवरची झडती निराळी, असा जो तेथील न्यायालयांचा आजवरचा पक्ष आहे, त्याचे मूळ येथे आहे.) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली सादर केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या मसुद्यात झडतीविरुद्धचे हे कलम घातले होते. पुढे समित्यांच्या चाळणीत ते गळले.

डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले सभासद काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनी ते पुन्हा मांडले. वाजवी कारणावाचून व वॉरंटावाचून कोणाचे घर, कागद, चीजवस्तू ह्यांची झडती होऊ नये, हा हक्क घटनेत लिहावा, अशी त्यांची उपसूचना. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. हे सर्व फौजदारी कायद्यात आहेच, पण उद्याची विधिमंडळे तो कायदा रद्द करू शकतील. म्हणून इतकी महत्त्वाची गोष्ट त्यांच्या हाताबाहेर ठेवणे बरे, असे त्यांचे म्हणणे. घटनेचा शिल्पकार अनुकूल आहे, सूचना मांडली गेली आहे. मग अडचण कोठे आली? सभागृहात गोंधळ झाला, मतदान लांबणीवर पडले, आणि अखेर उपसूचना नामंजूर झाली.

सभासदांस सर्वस्वी दोष देण्यास आमचे मन घेत नाही. गांधीजींच्या खुनास वर्षही झाले नव्हते. हैदराबादची कारवाई नुकती आटोपली होती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. अशा वेळी पोलिसांचे हात बांधावे असे कोणास वाटणार? परंतु भीतीच्या दिवसांत न लिहिलेले कलम शांततेच्या दिवसांत आपोआप लिहिले जात नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांपुढे झडतीचाच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी हेच बोट दाखविले : अमेरिकेसारखे कलम आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही, मग ओढूनताणून आम्ही ते कोठून आणावे? करीमुद्दीन ह्यांच्या पराभवाची किंमत साठ वर्षांहून अधिक काळ देशाने भरली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या अर्जावर, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला व १९५४ चे ते मत त्या मर्यादेत रद्द ठरविले. त्या निकालपत्रात करीमुद्दीन ह्यांच्या उपसूचनेची हकीकत आलेली आहे.

निकाल झाला म्हणजे व्यवहार पालटला असे मात्र नव्हे. अमेरिकेत २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने, पकडलेल्या माणसाचा मोबाईलसुद्धा वॉरंटावाचून चाळता येणार नाही, असे एकमताने ठरविले. पण हे देशाच्या आत. सीमेवर जानेवारी २०१८ पासून असा नियम आहे की, यंत्र हातात घेऊन नुसते चाळणे असेल तर संशयाचीही गरज नाही. दुसरे यंत्र जोडून सर्व माहिती उतरवून घ्यावयाची असेल तर वाजवी संशय वा राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कारण पाहिजे. तेथील नागरिकाने संकेतशब्द नाकारला तर यंत्र अडकते, माणूस घरी जातो. आमच्या मूर्तिजापूरच्या मुलाने नाकारला तर? तो परका. त्याला परतीच्या विमानात बसविता येते, आणि त्याबरोबर बापाने शेतावर काढलेले कर्जही परत येते. अशा मनुष्याने ‘संमती’ दिली असे कागदावर लिहिणे हा भाषेवर अन्याय आहे. जून २०२५ मध्ये तर अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्यांस आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांस दिसतील अशी उघडी ठेवावयास सांगितले. म्हणजे सीमा आता सहार विमानतळावर नाही, ती मुलाच्या अभ्यासाच्या खोलीपर्यंत चालत आली.

घरची स्थितीही पाहण्याजोगी आहे. २०२५ साली संमत झालेल्या आपल्या नव्या प्राप्तिकर कायद्याने झडतीच्या वेळी संगणकाचा संकेतशब्द ओलांडून आत शिरण्याचा अधिकार करखात्यास दिला आहे. करबुडव्यास पकडू नये असे कोण म्हणेल? परंतु व्यापाऱ्याच्या तिजोरीची किल्ली आणि त्याच्या बायकोच्या आजारपणाच्या कागदांची किल्ली पूर्वी निराळी असे. आता एकच आहे. शिवाय तिजोरीतील कागद सरकारने नेला तर तो मालकाजवळ उरत नसे, व नेला हे त्याला कळे. उतरवून घेतलेली माहिती दोघांजवळही राहते. ती कोठे गेली, किती वर्षे राहिली, आणखी कोणी पाहिली, ह्याचा मागमूस मालकास लागत नाही. डॉक्टरच्या लॅपटॉपमध्ये रोग्यांची, वकिलाच्या लॅपटॉपमध्ये अशिलांची गुपिते असतात. त्या रोग्यांनी व अशिलांनी सीमा ओलांडलेलीच नसते. मिठाच्या गोणीस तळ होता असे आम्ही वर म्हटले. ह्या गोणीस तळ नाही.

ह्याच तालुक्यात दापुरे येथे मामाच्या घरी गाडगेमहाराजांचे बालपण गेले. अंगावर चिंध्या, हातात खराटा व गाडगे, एवढाच ज्याचा संसार, त्याची झडती कोण काय घेणार? पण सर्वांनाच गाडगेबाबा होता येत नाही. पदवीधर मुलास तर लॅपटॉपवाचून वर्गातही बसता येत नाही.

आपल्याकडील सीमेवर सांप्रत १९६२ चा सीमाशुल्क कायदा चालतो. १८७८ च्या सागरी कायद्याची जागा त्याने घेतली. त्याच्या शंभराव्या कलमाचे शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. जप्तीस पात्र असा माल, ‘किंवा त्या मालासंबंधीचे’ दस्तऐवज, अंगावर दडविल्याचा सकारण संशय असेल तर झडती घ्यावी, असे ते म्हणते. कागद आला तो मालाचे शेपूट धरून, स्वतंत्रपणे नव्हे. १९०९ साली जे एकोणिसाव्या कलमातून निसटले ते येथे निदान शब्दांत तरी बांधलेले आहे. लॅपटॉपमधील पत्रे कोणत्या मालासंबंधीची, हा प्रश्न त्या शब्दांचा आधार घेऊन विचारता येतो. आणि पुढे एकशे दोनाव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे : ज्याची अंगझडती व्हावयाची आहे त्याने मागणी केल्यास त्याला जवळच्या राजपत्रित सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे विलंब न लावता नेले पाहिजे, झडतीस वाजवी कारण दिसले नाही तर त्या अधिकाऱ्याने त्याला लागलीच मोकळे केले पाहिजे, झडती दोन किंवा अधिक पंचांसमोर झाली पाहिजे, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घेतली पाहिजे. ही मागणी प्रवाशाने आपल्या तोंडाने करावयाची असते, आणि ती झडती सुरू होण्यापूर्वी.